फ्लॅशमन वाचायला घेताय? मग झाशीपासून सुरुवात करू नका

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. फोर्टातल्या फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना 'फ्लॅशमन' या इंग्रजी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मालिकेतलं एक जाडसर पेपरबॅक हाती लागलं. मागच्या कव्हरवर झाशी, कानपूर, लखनौ ही नावं दिसली, घासाघीस केली आणि घेतलं. लोकलमध्ये उघडलं. निवेदक एक इंग्रज अधिकारी, वर पक्का भेकड आणि बायकांच्या मागे लागणारा, हे कुर्ल्यापर्यंत कळलं. थोड्या पानांनी तो राणी लक्ष्मीबाईंकडे ज्या नजरेने बघायला लागला ती नजर मला काही सोसेना. पुस्तक मिटलं. दीड वर्ष ते कपाटावर धूळ खात पडलं होतं.

मग एका मित्राने त्याच मालिकेतला पहिला भाग हातात ठेवला आणि म्हणाला, "हा वाच, मग शिव्या घाल." वाचला. त्यानंतर दोन-अडीच वर्षांत बाराही पुस्तकं संपवली, झाशीचंही. शिव्या अजून घालतो, पण आता कोणाला घालायच्या ते कळतं.

ही मालिका नव्याने वाचायला घेणाऱ्या मराठी वाचकासाठी माझ्या ठेचांमधून तयार झालेली ही वाट.

पहिली पायरी: दोन माणसं वेगळी ठेवा

लेखक जॉर्ज मॅकडोनाल्ड फ्रेझर. १९२५ साली इंग्लंडच्या उत्तर टोकाला, कार्लाइल गावात स्कॉटिश आईबापांच्या पोटी जन्म. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात साधा शिपाई म्हणून लढला, नंतर अधिकारी झाला, मग पत्रकार. ग्लासगोतल्या 'ग्लासगो हेरल्ड'मध्ये डेप्युटी एडिटरच्या खुर्चीपर्यंत पोचला. १९६९ साली 'फ्लॅशमन' छापून आलं आणि त्याने नोकरीला रामराम ठोकला. २००८ साली तो गेला.

निवेदक हॅरी फ्लॅशमन. हा फ्रेझरने जन्माला घातलेला नाही, ही पहिली गंमत. टॉमस ह्यूज या लेखकाचं 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' नावाचं १८५७ सालचं पुस्तक आहे. इंग्लंडातल्या रग्बी नावाच्या शाळेतल्या सद्गुणी मुलांची सद्गुणी गोष्ट. तिच्यात लहान पोरांना छळणारा एक दांडगट मुलगा आहे, तो दारू पिऊन सापडतो आणि हेडमास्तर त्याला शाळेतून काढून टाकतात. ह्यूजने त्याला तिथेच सोडला. फ्रेझरला प्रश्न पडला, की पुढे या कार्ट्याचं काय झालं असेल?

त्याचं उत्तर: फौजेत गेला, सर झाला, व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचं सर्वांत मोठं पदक मिळवलं, ब्रिगेडियर जनरल म्हणून निवृत्त झाला आणि अख्ख्या साम्राज्याने त्याला शूर वीर मानलं. म्हातारपणी त्याने आठवणी लिहून काढल्या आणि त्यात खरं सांगून टाकलं: मी आयुष्यभर पाठीला पाय लावून पळत होतो, नशिबाने दर वेळी पळण्याची दिशा तेवढी चुकली.

पहिल्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला तो ह्यूजवर चिडलेला दिसतो. दारूसाठी शाळेतून काढलं ही गोष्ट त्याला मान्य आहे. राग कशाचा, तर आपण बियर आणि जिनचं पंच एकावर एक घेतलं असं ह्यूजने लिहिलं याचा. सतराव्या वर्षीसुद्धा मला इतकी अक्कल होती, असं त्याचं म्हणणं. या माणसाची अब्रूची कल्पना काय आहे ते एवढ्यात समजतं. इथे हसू आलं नाही तर मालिका तुमच्यासाठी नाही, पुस्तक परत करून टाका.

दुसरी पायरी: पहिल्या पानावरच्या थापेला फसा

पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत फ्रेझर सांगतो, की लेस्टरशायरमधल्या ॲशबी गावी १९६५ साली जुन्या सामानाच्या लिलावात चहाच्या पेटीत हस्तलिखितांची बाडं सापडली, आपण फक्त संपादक. सोबत 'हूज हू' या नामवंतांच्या इंग्रजी कोशातली फ्लॅशमनची नोंद जोडलेली: जन्म १८२२, पदकं, लढाया, क्लब, सगळं. ती घाईत उलटू नका, ती स्वतंत्र विनोद आहे. थाप इतकी बेमालूम होती, की पुस्तक निघालं तेव्हा अमेरिकेतल्या काही समीक्षकांनी ते खरं आत्मचरित्र समजून परीक्षणं लिहिली.

आपल्याकडे बखरीची परंपरा आहे, त्यामुळे बाड सापडण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. उलटं आहे ते बाकीचं. बखरकार धन्याची कीर्ती वाढवतो. इथे कीर्ती आधीच वाढलेली आहे आणि कीर्तिवंत स्वतःच बसून ती उसवतोय.

तिसरी पायरी: दोन बुकमार्क

ही पायरी गाळलीत तर निम्मं पुस्तक गेलं. प्रत्येक भागाच्या शेवटी क्रमांक घातलेल्या टिपा असतात. एक बुकमार्क मजकुरात, दुसरा टिपांत. मी बसची दोन जुनी तिकिटं वापरायचो.

टिपांमध्ये 'संपादक' फ्रेझर गंभीर चेहऱ्याने फ्लॅशमनची उलटतपासणी घेतो. इथे याने तारीख चुकवली आहे, इथे मात्र त्या प्रसंगाला हजर असलेल्या दुसऱ्या माणसाची साक्ष याच्याशी जुळते, या बाईंच्या रूपाचं वर्णन समकालीन चित्रांशी ताडून पाहावं, वगैरे. टिपांमधला इतिहास खरा. फ्लॅशमन काल्पनिक, पण तो ज्यांच्या पुढ्यात उभा असतो ती बहुतेक माणसं खरी. आपण ऐतिहासिक कादंबऱ्या वाचत मोठे झालो, पण कादंबरीकाराने शेवटी बसून "हे माझं, हे इतिहासाचं" अशी वाटणी करून दाखवली, असं आपल्या वाट्याला फार क्वचित आलं. फ्रेझर ती करतो, आणि तीही निवेदकाची टर उडवत.

चौथी पायरी: पहिला भाग, सावकाश

'फ्लॅशमन'मध्ये १८३९ ते १८४२ एवढा काळ आहे. फौजेत शिरताच त्याच्यावर एका द्वंद्वयुद्धाची वेळ येते. समोरचा अचूक नेमबाज. फ्लॅशमन काय करतो, तर पिस्तुलं भरणाऱ्या सोबत्याला मोठ्या रकमेचं आमिष दाखवून प्रतिस्पर्ध्याच्या पिस्तुलात गोळीच घालू देत नाही. मग स्वतः उदारपणाचा आव आणून भलतीकडेच बार टाकतो. ती गोळी नेमकी लांब ठेवलेल्या डॉक्टरच्या बाटलीचं तोंड उडवते. बघणारे थक्क: काय नेम, काय दिलदारी! कबूल केलेले पैसे तो देतच नाही, हे सांगायला नकोच. पुढची अकराही पुस्तकं याच यंत्रावर चालतात. भीती, त्यातून लबाडी, लबाडीतून अपघात आणि अपघाताची कीर्ती.

त्यानंतर तो हिंदुस्थानात येतो आणि काबूलला पोचतो. तिथे इंग्रज फौजेचा सेनापती जनरल विल्यम एल्फिन्स्टन, आजारी, थकलेला, कुठलाच निर्णय न घेता येणारा म्हातारा. मुंबईत ज्याच्या नावाचं कॉलेज आहे त्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा हा सख्खा चुलतभाऊ. एकाने पेशवाई बुडताना पुण्यात आपलं डोकं शाबूत ठेवलं, दुसऱ्याने काबुलात अख्खी फौज घालवली. ६ जानेवारी १८४२ला काबूलहून साडेचार हजार सैनिक आणि सुमारे बारा हजार नोकरचाकर, बायका, पोरं बर्फातून निघाली. १३ जानेवारीला जलालाबादच्या तटावरून पहारेकऱ्यांना एकच घोडेस्वार येताना दिसला, डॉक्टर ब्रायडन. पुढे आणखी काही लोक वाचल्याचं कळलं, बरेच जण कैदेत होते, पण त्या दिवशी दिसला तो एकटा. आणि मेले त्यांच्यात हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे सर्वांत जास्त, हे फ्रेझर विसरू देत नाही.

हा भाग वाचताना विनोद हळूहळू गळून पडतो आणि ते बरोबरच आहे. भेकड निवेदकाचा उपयोग इथे कळतो. शूर माणूस माघारीचं वर्णन करताना स्वतःच्या इभ्रतीला जपतो. याला जपायला इभ्रतच नाही, त्यामुळे कोण मूर्ख, कोण शहाणा, कोण खरोखर धीराचा, हे तो सरळ सांगून मोकळा होतो. शेवटी एका छोट्या किल्ल्यात तो झेंडा उतरवून शत्रूच्या हवाली करायच्या बेतात असतो. मदतीला आलेल्या तुकडीला तो सापडतो बेशुद्ध, मेलेल्या साथीदारांमध्ये, झेंडा कवटाळलेला. खरं काय ते ठाऊक असलेला एकमेव माणूस, सार्जंट हडसन, मेलेला असतो. लंडनला परतल्यावर राणी व्हिक्टोरियाच्या हातून पदक.

या भागात एक जागा आहे तिची आगाऊ सूचना देतो. अफगाण नर्तकी नरिमनवर फ्लॅशमन बलात्कार करतो. हे गमतीत घेता येत नाही आणि घेऊही नये. पुढच्या भागांत फ्रेझर हे पुन्हा करत नाही, पण पहिल्या पुस्तकात ते आहे. काही जण इथे पुस्तक ठेवून देतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. शाळकरी मुलांच्या हाती मात्र ही मालिका देऊ नका.

पाचवी पायरी: क्रम

छापील क्रम आणि गोष्टीतला काळ यांचा मेळ नाही. कालक्रमाने वाचायचा हट्ट धरू नका, फ्रेझर पुस्तकागणिक सुधारत गेला आहे आणि ते बघायला मजा येते. बाराच्या बारा ओळीने वाचायचा उत्साह नसेल तर माझा मार्ग असा: पहिला, मग चौथा, मग पाचवा, मग नववा.

चौथा 'फ्लॅशमन ॲट द चार्ज' (१९७३). २५ ऑक्टोबर १८५४, रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धातली बालाक्लावाची लढाई, लाइट ब्रिगेड या इंग्रज घोडदळाची ती प्रसिद्ध आत्मघातकी दौड. आपला गडी तिच्यात सर्वांत पुढे. कारण काय, तर घाबरगुंडी आणि पोटात धरलेला वात. कवींनी त्या दौडीवर काय काय लिहिलं आणि फ्रेझरने तिच्या टोकावर काय बसवलं! याच भागात एका पाठलागात घसरगाडी हलकी करायला हा इसम सोबतच्या बाईला बर्फात ढकलून देतो. इतका नीच माणूस आपल्याला आवडायला का लागलाय, हा प्रश्न मला इथे पहिल्यांदा पडला. तुम्हालाही पडेल. रशियन काउंट इग्नातिएफ इथे भेटतो आणि पाचव्या भागात परत येतो, म्हणून हा क्रम मोडू नका.

नववा 'फ्लॅशमन अँड द माउंटन ऑफ लाइट' (१९९०) म्हणजे लाहोर दरबार, महाराणी जिंदन, बाल दुलीपसिंग, कोहिनूर आणि पहिलं शीख युद्ध. मुदकी, फिरोजशहा, सोब्राव या त्यातल्या लढाया. आपल्याच सैन्याचा पराभव व्हावा म्हणून खटपट करणारे सेनापती, लालसिंग आणि तेजसिंग, हे वाचून कादंबरीकाराने मीठमसाला लावला असं वाटतं. टिपा उघडा. मीठमसाला इतिहासानेच लावलेला आहे.

बाकीचे: तिसरा आणि सातवा जोडीने घ्या, तिसऱ्याची गोष्ट सातव्यात थेट पुढे चालू होते, गुलामांच्या व्यापारामुळे तिसरा जड जातो. दुसरा, जर्मन मुत्सद्दी बिस्मार्कचा, मला सर्वांत कमी आवडला. सहावा 'फ्लॅशमन्स लेडी' क्रिकेटवेड्यांनी आधी घेतला तरी हरकत नाही. लॉर्ड्सवर १८४२ साली तो फेलिक्स, पिल्च आणि आल्फ्रेड मिन या त्या काळच्या तीन दिग्गजांना ओळीने बाद करतो. सगळं सरळमार्गाने झालं असेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच भागात बायको एल्स्पेथच्या रोजनिशीची पानं येतात आणि नवऱ्याच्या फुशारकीतली हवा परस्पर निघते.

शेवटचा 'फ्लॅशमन ऑन द मार्च' (२००५) मुंबईकरांना जवळचा वाटेल. १८६८ची अबिसीनियाची, म्हणजे आजच्या इथिओपियाची, मोहीम मुंबई इलाख्याने उभी केली होती, सरसेनापती रॉबर्ट नेपियर मुंबई फौजेचा. हत्ती, तोफा, तंबू, खेचरं, सगळं बोटीने तांबड्या समुद्रापार नेलं. चव्वेचाळीस हत्ती! १३ एप्रिल १८६८ला मगदालाचा किल्ला पडला, तिथला सम्राट टेवोड्रोसने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतलं.

अमेरिकन यादवी युद्धाचं पुस्तक शोधू नका. फ्लॅशमन त्याचे इशारे सतत देतो, दोन्ही बाजूंनी लढलो म्हणतो, पण फ्रेझरने ते कधी लिहिलंच नाही.

सहावी पायरी: आता झाशी, आणि शेजारी गोडसे भटजी

पाचवा भाग, 'फ्लॅशमन इन द ग्रेट गेम', १९७५. आता उघडा. पण एकटं नको. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' शेजारी ठेवा.

गोडसे पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज, म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल ही आशा. वाटेत बंड पेटलं. मार्च-एप्रिल १८५८मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा ते आत होते. इंग्रज शहरात शिरल्यावर जी कत्तल आणि लूट झाली तिला ते 'विजन' म्हणतात. त्यांचं पुस्तक छापून आलं १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी काढलं.

त्याच शहरात, त्याच दिवसांत फ्रेझरचा फ्लॅशमनही आहे, आधी वेढा घालणाऱ्यांच्या छावणीत आणि मग आत. एक कधीच नसलेला इंग्रज, एक खराखुरा कोकणी भिक्षुक. दोघंही शूर नाहीत. दोघांनाही मुख्य चिंता जिवाची. मला तर वाचता वाचता गोडसे भटजी आणि फ्लॅशमन एकाच भिंतीआड लपलेत असं दिसायला लागलं. फरक इतकाच, की भटजींना चोरायला काही नव्हतं, त्यांच्याकडचं होतं तेच लुटलं गेलं.

राणीच्या बाबतीत दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवा. फ्रेझरची राणी मोहक, मिश्कील, राजकारणी. फ्लॅशमनचा समज, की ती आपल्यावर भाळली. तो समज खरा की त्याला शेंडी लावली गेली, हे कादंबरी शेवटपर्यंत नक्की सांगत नाही. कपाटावर फेकलं तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं: तिथे हसं राणीचं नाही, त्याचं आहे. तरीही ती पानं आपल्याला टोचतात आणि टोचलीच पाहिजेत.

मग गोडसे उघडा. काल्पीच्या वाटेवर पहाटे एका विहिरीपाशी त्यांना राणी दिसते, झाशी गेल्यानंतरची, धुळीने माखलेली, पुरुषी वेशात, तहानेने व्याकूळ. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात. ती थांबवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मी शेंदते म्हणते, आणि ओंजळीने पाणी पिते. विधवा म्हणून अर्धा शेर तांदळात माझं भागलं असतं, अशा अर्थाचं काहीतरी बोलते आणि घोड्यावर बसून निघून जाते. एवढंच. फ्रेझरच्या चारशे पानांत या विहिरीच्या तोडीचं एकही पान नाही, आणि हे मी फ्रेझरचा चाहता म्हणून लिहितोय.

मग फ्रेझर वाचायचा कशाला? मेरठसाठी. ९ मे १८५७ला परेडच्या मैदानावर काडतुसं नाकारणाऱ्या ८५ स्वारांचे गणवेश उतरवून पायांत बेड्या ठोकल्या, तो प्रसंग. फ्लॅशमन पठाणाच्या वेशात त्यांच्याच पलटणीत दाखल झालेला असतो, म्हणून आपण तो शिपायांच्या रांगेतून बघतो. बेड्या ठोकायला लागणारा तो लांबलचक वेळ, म्हातारे शिपाई आपल्या साहेबांना नावाने हाका मारतात. कानपूरच्या सतीचौरा घाटावरची कत्तलही तो लिहितो आणि इंग्रजांनी घेतलेला सूडही. बंडवाल्यांना तोफेच्या तोंडी देणारे इंग्रज शेवटी काळ्या पडलेल्या, दाढीवाल्या फ्लॅशमनलाही बंडवाला समजून तोफेला बांधतात. आपल्याच साम्राज्याच्या तोफेचं तोंड त्याला पाठीशी लागतं तेव्हा काय वाटतं, ते तोच सांगू शकतो.

एक गोष्ट विसरू नका: ह्यू रोजच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. तटाच्या दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी माणसं होती.

सातवी पायरी: भाषा

इंग्रजी जुनं, शिवराळ आणि वेगवान आहे. वंशावरून आणि रंगावरून केलेली शिवीगाळ पानोपानी. ती फ्लॅशमनच्या तोंडची, व्हिक्टोरियन क्लबातली. काही ठिकाणी मात्र ती फ्रेझरच्याही हातून सुटल्यासारखी वाटते, विशेषतः उत्तरार्धातल्या पुस्तकांत. आपली एक सोय आहे: सोवार, जवान, हवालदार, हुजूर असले शब्द आले, की इंग्रज वाचक शब्दसूची शोधतो, आपण पुढे निघतो. जुनी स्पेलिंगं मोठ्याने वाचा, लगेच ओळखीची होतात. नाव अडलं तर नकाशा काढा, कोश नको.

वाटलंच तर, आठवी

बारा संपली आणि हा लेखक खरा कसा होता असा प्रश्न पडला, तर 'क्वार्टर्ड सेफ आउट हिअर' वाचा. ब्रह्मदेशातल्या लढाईच्या त्याच्या स्वतःच्या आठवणी, १९४५ सालच्या. तो होता सतराव्या हिंदी डिव्हिजनमध्ये, बॉर्डर रेजिमेंटच्या एका छोट्या तुकडीत, आजूबाजूला गुरखे आणि हिंदी पलटणी. इथे कोणी पळत नाही. कंबरलंडच्या बोलीत कुरकुरत, चहा पीत, शिव्या देत माणसं पुढे सरकतात आणि त्यातली काही मरतात. जपान्यांबद्दलचा राग त्याने म्हातारपणीही सोडलेला नाही, तो पटला नाही तरी लपवाछपवी नाही.

फौजेत असताना फ्रेझरला चार वेळा लान्स कॉर्पोरल, म्हणजे शिपायाच्या वरची पहिली पायरी, केलं आणि तीन वेळा पट्टी काढून घेतली. त्यातली एक चहाचं भांडं हरवल्याबद्दल.